निर्जन बेटांचा इतिहास : फ्रान्झ जोसेफ लँड, ध्रुवीय संशोधनाची दिशा आणि कुलाबा-अलिबागच्या नोंदी

प्रस्तावना

इतिहास हा मानवी समाजाचा असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. मग जेथे कोणताही समाज कधीच नांदला नाही, ज्या भूमीला आपली भाषा, आपली लोककथा, इतकेच काय पण स्थानिकांनी ठेवलेले एखादे नावही नाही, अशा भूमीला इतिहास असतो काय? उत्तर ध्रुव महासागरातील फ्रान्झ जोसेफ लँड हा द्वीपसमूह या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण ठरतो. १८७३ पूर्वी तेथे मानवी वस्ती असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत तेथे जे गेले ते संशोधक, शिकारी, विक्रमवीर, हवामान निरीक्षक आणि सैनिक होते. कायमचे नागरिक म्हणून कोणीच राहिले नाही. त्यामुळे या बेटांचा इतिहास हा प्रत्यक्षात बाहेरून आलेल्या माणसांच्या हेतूंचा इतिहास आहे.

हे हेतू स्थूलमानाने दोन प्रकारचे दिसतात. एक, प्रथम पोहोचण्याचा, नाव देण्याचा आणि ध्वज रोवण्याचा. दुसरा, एका जागी थांबून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने निसर्गाच्या नोंदी घेण्याचा. विशेष म्हणजे या दुसऱ्या विचाराची स्पष्ट मांडणी या बेटांच्या शोधकर्त्यांपैकीच एकाने केली. महाराष्ट्राचा ध्रुवीय संशोधनाशी असलेला जुना संबंधही याच दुसऱ्या परंपरेतून आलेला आहे. प्रस्तुत निबंधात प्रथम या द्वीपसमूहाचे भौगोलिक स्वरूप व इतिहास मांडून नंतर त्या संबंधाचा विचार केला आहे.

भौगोलिक स्वरूप

फ्रान्झ जोसेफ लँड हा बॅरेंट्स समुद्राच्या उत्तरेस, साधारणपणे ८० ते ८२ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला सुमारे १९० बेटांचा समूह आहे. त्याच्या पश्चिमेस नॉर्वेचा स्वालबार्ड आणि दक्षिणेस रशियाचा नोवाया झेम्ल्या हे द्वीपसमूह आहेत. एकूण क्षेत्रफळ सुमारे १६,१३४ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित अधिक भरते. परंतु यातील सुमारे ८५ टक्के भूभाग हिमाच्छादित आहे. जॉर्ज लँड हे सर्वांत मोठे बेट असून विल्चेक लँड, ग्रॅहॅम बेल आणि अलेक्झांड्रा लँड ही अन्य मोठी बेटे होत. अगदी उत्तरेकडील रुडॉल्फ बेटावरील फ्लिगेली भूशिर हे युरेशियातील सर्वांत उत्तरेचे भूस्थान मानले जाते. तेथून उत्तर ध्रुव सुमारे ९०० किलोमीटर अंतरावर आहे.

बेटांची रचना महाराष्ट्रातील वाचकास एका बाबतीत परिचित वाटेल. येथील माथे सपाट, कडे उभे आणि खडक बहुतांशी बेसाल्टचा आहे. मात्र हा बेसाल्ट दख्खनच्या लाव्हापेक्षा बराच जुना असून त्याखालील व त्यामधील थरांत ज्युरासिक काळातील वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य क्षितिजावर येत नाही, तर उन्हाळ्यात तितकाच काळ मावळत नाही. जुलै महिन्याचे सरासरी तापमानही शून्य अंशाच्या आसपासच राहते. हिममुक्त भागात शेवाळ, दगडफूल आणि काही खुजी फुलझाडे एवढीच वनस्पतिसृष्टी आढळते. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, लहान ऑक आणि शुभ्र हस्तिदंती कुरव हे येथील प्रमुख प्राणी व पक्षी होत. शेती, चराई किंवा स्थिर मासेमारी यांपैकी कशालाच येथे आधार नाही. निर्जनतेचे मूळ कारण या भूगोलातच आहे.

शोध : तर्क, अपघात आणि नामकरण

येथे भूमी असावी, असा तर्क शोधापूर्वीच मांडला गेला होता. १८६५ मध्ये रशियन नौदल अधिकारी शिलिंग यांनी बर्फाच्या प्रवाहाच्या अभ्यासावरून स्पिट्सबर्गेन आणि नोवाया झेम्ल्या यांच्या उत्तरेस अज्ञात भूमी असली पाहिजे, असे अनुमान काढले. पुढे क्रांतिकारक विचारवंत म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पीटर क्रोपोटकिन यांनी रशियन भौगोलिक संस्थेपुढे या दिशेने मोहीम पाठविण्याची योजना मांडली. तिला निधी मिळाला नाही. १८६५ मध्येच एका नॉर्वेजियन शिकारी जहाजाने ही भूमी पाहिली असावी, असेही मानले जाते. पण त्याची वाच्यता झाली नाही.

प्रत्यक्ष शोध लागला तो अपघाताने. जर्मन भूगोलतज्ज्ञ ऑगस्ट पेटरमान यांचे मत असे होते, की उष्ण सागरी प्रवाहामुळे नोवाया झेम्ल्याच्या उत्तरेचा समुद्र जहाजांना खुला असावा. हे मत पडताळण्यासाठी १८७२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीची मोहीम ‘ॲडमिरल टेगेटहोफ’ या जहाजातून निघाली. समुद्रावरील नेतृत्व नौदल अधिकारी कार्ल वायप्रेख्त यांच्याकडे, तर भूमीवरील नेतृत्व युलियस पायर यांच्याकडे होते. ऑगस्ट १८७२ मध्ये जहाज बर्फात अडकले ते पुन्हा कधीच सुटले नाही. बर्फ नेईल तिकडे ते वर्षभर वाहत गेले आणि ३० ऑगस्ट १८७३ रोजी धुके विरताच समोर अनपेक्षितपणे डोंगर दिसले. नव्या भूमीला सम्राटाचे नाव देण्यात आले.

१८७४ च्या वसंतात पायर यांनी स्लेजगाड्यांवरून उत्तरेकडे प्रवास करून १२ एप्रिल रोजी फ्लिगेली भूशिर गाठले. मे महिन्यात जहाज सोडून देऊन सर्वजण होड्या ओढत दक्षिणेकडे निघाले. दोन महिने कष्ट केल्यानंतर ते जहाजापासून जेमतेम पंधरा किलोमीटर अंतरावर होते. कारण ते दक्षिणेस चालत असताना पायाखालचा बर्फ उत्तरेस सरकत होता. अखेर ऑगस्ट १८७४ मध्ये नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर एका रशियन जहाजाने त्यांना वाचविले. यंत्रज्ञ ओटो क्रिश क्षयाने मरण पावले. विल्चेक बेटावरील त्यांची कबर ही या द्वीपसमूहावरील मानवी इतिहासाची पहिली खूण ठरली.

पायर यांच्या नकाशात आणखी एक गोष्ट होती. फ्लिगेली भूशिरावरून त्यांना उत्तरेस व वायव्येस जमीन दिसल्याचा भास झाला होता. त्यांनी तिला पेटरमान लँड आणि किंग ऑस्कर लँड अशी नावे दिली. अशी जमीन अस्तित्वातच नव्हती. भूमीपूर्वी नाव आले आणि ते नकाशावर वर्षानुवर्षे राहिले.

विक्रमांची स्पर्धा

पुढील चार दशकांत हा द्वीपसमूह ध्रुवाकडे जाण्याची पायरी म्हणून वापरला गेला. ब्रिटिश संशोधक ली स्मिथ १८८० मध्ये येथे येऊन गेले. १८८१ च्या दुसऱ्या फेरीत त्यांचे ‘ईरा’ हे जहाज फ्लोरा भूशिराजवळ बुडाले व त्यांना हिवाळा तेथेच काढावा लागला. १८९४ ते १८९७ या काळात फ्रेडरिक जॅक्सन यांनी त्याच भूशिरावर तळ ठोकला.

याच काळात फ्रिट्योफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे ‘फ्राम’ जहाज सोडून ध्रुवाकडे पायी निघाले होते. ८६ अंशांपलीकडून परतताना ऑगस्ट १८९५ मध्ये ते या बेटांवर पोहोचले. त्यांची घड्याळे बंद पडल्याने रेखांश निश्चित सांगता येत नव्हता आणि समोर दिसणारी भूमी पायर यांच्या नकाशाशी जुळत नव्हती. आपण नेमके कोठे आहोत हे कळत नसतानाच त्यांनी दगड, वॉलरसचे कातडे आणि अस्वलाचे मांस यांच्या आधारे एका खोपटात हिवाळा काढला. १७ जून १८९६ रोजी जॅक्सन यांची अचानक भेट झाली, तेव्हाच आपले स्थान त्यांना निःसंशय कळले. चुकीची नोंद ही केवळ विद्वत्तेची चूक नसते, ती माणसाच्या जिवाशी खेळू शकते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

१९०० मध्ये अब्रुझीच्या ड्यूकच्या इटालियन मोहिमेतील उंबेर्तो काग्नी यांनी रुडॉल्फ बेटावरून निघून ८६ अंश ३४ कला इतके उत्तर अक्षांश गाठून नवा विक्रम केला. अमेरिकन मोहिमा आल्या आणि अपयशी होऊन परतल्या. मार्च १९१४ मध्ये रशियन संशोधक गेओर्गी सेदोव ध्रुवाकडे जाताना रुडॉल्फ बेटाजवळ मरण पावले. त्याच वर्षी बर्फात अडकलेल्या ‘सेंट ॲना’ या जहाजावरून निघालेल्या गटापैकी अल्बानोव आणि कोनराड हे दोघेच फ्लोरा भूशिरापर्यंत जिवंत पोहोचले. या सर्व धाडसांतून बेटांना आश्रयदात्यांची, राजपुत्रांची आणि भांडवलदारांची नावे मिळाली. त्या मानाने शास्त्रीय ज्ञानात पडलेली भर थोडी होती. जॅक्सन यांच्या मोहिमेतील भूशास्त्रीय संग्रह हा त्याला ठळक अपवाद होय.

वायप्रेख्त यांचे वेगळे वळण

या स्पर्धेविरुद्धचा विचार ती ऐन भरात येण्यापूर्वीच मांडला गेला होता. तो मांडणारे कार्ल वायप्रेख्त हे स्वतः या बेटांचे शोधकर्ते होते, म्हणूनच त्याचे महत्त्व अधिक. मोहिमेवरून परतताच १८७५ मध्ये व्हिएन्ना आणि ग्राट्स येथील व्याख्यानांत त्यांनी अशी भूमिका घेतली, की केवळ नवी भूमी शोधणे आणि अधिक उत्तरेचा अक्षांश गाठणे यांस शास्त्रदृष्ट्या फारसे मूल्य नाही. एकाकी मोहिमेच्या निरीक्षणांची तुलना दुसऱ्या कशाशीच करता येत नाही. म्हणून ध्रुवप्रदेशाभोवती अनेक राष्ट्रांनी केंद्रे उभारावीत आणि तेथे एकाच वेळी, समान उपकरणांनी व समान पद्धतीने किमान एक वर्ष हवामान, पृथ्वीचे चुंबकत्व आणि ध्रुवीय प्रकाश यांच्या नोंदी घ्याव्यात.

स्वतःच्या कीर्तीचा पायाच दुय्यम ठरविणारी ही भूमिका होती. २९ मार्च १८८१ रोजी वायप्रेख्त क्षयाने निधन पावले. परंतु त्यांच्या कल्पनेतून ऑगस्ट १८८२ ते ऑगस्ट १८८३ हे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष साकारले. त्यात डझनभर राष्ट्रांनी भाग घेतला. ऑस्ट्रियाने आपले केंद्र मात्र फ्रान्झ जोसेफ लँडवर न उभारता यान मायेन बेटावर उभारले. आपण शोधलेल्या भूमीपेक्षा निरीक्षणाची सोय महत्त्वाची मानली गेली.

कुलाबा, अलिबाग आणि पुणे

वायप्रेख्त ज्या प्रकारचे काम मागत होते, ते मुंबईत त्याआधीपासूनच चालू होते. कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, हे होते. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून गेलेल्या केरूनानांची वृत्ती या वेधशाळेतील शिस्तीत घडली होती.

२ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीच्या तासातासाच्या वाचनाऐवजी थोड्या थोड्या मिनिटांनी वाचने घेऊन क्षैतिज चुंबकबलातील सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घसरण नोंदविली. त्या वेळी या आकड्याचा पूर्ण अर्थ कोणालाही सांगता आला नसता. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या संशोधकांनी याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मोजली. आज उपग्रह आणि विद्युतजाळ्यांना सौरवादळांपासून असलेल्या धोक्याचा विचार करताना हा आकडा जगभर आधाराला घेतला जातो.

ध्रुववर्ष चालू असताना १७ नोव्हेंबर १८८२ रोजी आणखी एक मोठे वादळ झाले. ते उत्तरेच्या केंद्रांत नोंदले गेले, तसेच कुलाब्याच्या नोंदींतही उमटले. ध्रुवाजवळचा प्रकाशाचा पडदा आणि उष्ण कटिबंधातील चुंबकसूचीचे थरथरणे ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. एका ठिकाणच्या नोंदीला दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीमुळे अर्थ येतो, हे वायप्रेख्त यांचे तत्त्व येथे प्रत्यक्षात दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली, तेथे अचुंबकीय साहित्याची इमारत उभारली आणि १९०४ पासून दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबविले. साखळी तुटू नये म्हणून घेतलेल्या या दक्षतेमुळे कुलाबा-अलिबागची मालिका आज जगातील दीर्घतम चुंबकीय नोंदींपैकी एक ठरली आहे. १९७१ पासून हे कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

याच सुमारास पुण्यात उत्तर ध्रुवाचा विचार एका अगदी वेगळ्या मार्गाने झाला. १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. टिळक हे डेक्कन कॉलेजात केरूनानांचे विद्यार्थी होते. वेदांतील दीर्घ उषा व दीर्घ रात्र यांच्या वर्णनांचा खगोलशास्त्रीय अर्थ लावून त्यांनी आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचे प्रतिपादन केले. प्रत्यक्ष ध्रुवबिंदूवरील सहा महिन्यांची रात्र आणि ध्रुवासभोवतीच्या प्रदेशातील त्याहून लहान रात्र यांत त्यांनी केलेला भेद काटेकोर आहे. फ्रान्झ जोसेफ लँडवरील चार महिन्यांची रात्र ही त्यांच्या वर्गीकरणातील दुसऱ्या प्रकारात बसते. तथापि त्यांचा निष्कर्ष आजच्या भूशास्त्रास व पुरातत्त्वविद्येस मान्य नाही. ध्रुवप्रदेशात उबदार हवामानाचे काळ होऊन गेले, हे खरे. परंतु या बेटांवरील वनस्पतींचे जीवाश्म ज्या काळाची साक्ष देतात, तो मानवाच्या उदयापूर्वी कोट्यवधी वर्षे होऊन गेला. टिळकांची गणिती तर्कशक्ती वादातीत होती. त्यांना उपलब्ध असलेली भूशास्त्रीय कालगणना मात्र अपुरी होती. तर्क कितीही समर्थ असला तरी त्याची मजल त्याच्या हाती असलेल्या नोंदींपुरतीच जाते.

स्वामित्व, केंद्रे आणि लष्कर

१५ एप्रिल १९२६ रोजी सोव्हिएत संघाने एका आदेशाद्वारे आपल्या उत्तरेकडील सर्व भूमीवर हक्क जाहीर केला. त्यात हा द्वीपसमूहही आला. नॉर्वेने हरकत घेतली. पण १९२९ मध्ये ओटो श्मिट यांच्या मोहिमेने हूकर बेटावरील तिखाया उपसागरात केंद्र उभारून हक्क प्रत्यक्षात आणला. येथे एक लक्षणीय विरोधाभास दिसतो. हक्क सिद्ध करण्यासाठी वस्ती हवी, आणि वस्तीसाठी हवामान केंद्राखेरीज दुसरे कारण नव्हते. त्यामुळे ध्वजाला नोंदवहीचा आधार घ्यावा लागला. जानेवारी १९३० मध्ये याच केंद्रातील बिनतारी तंत्रज्ञ एर्न्स्ट क्रेंकेल यांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकावर असलेल्या अमेरिकन बर्ड मोहिमेशी संपर्क साधला. जुलै १९३१ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजाने तिखाया उपसागराला भेट दिली. त्यावरून केलेल्या पाहणीत नकाशावरील आणखी काही भूमी काल्पनिक असल्याचे आढळले. दुसऱ्या ध्रुववर्षात, १९३२-३३ मध्ये, येथील निरीक्षणांचा विस्तार झाला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने हेस बेटावर वेधशाळा उभी राहिली. तिला पुढे क्रेंकेल यांचे नाव मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात हवामानाच्या नोंदी याच युद्धसामग्री बनल्या. १९४३-४४ मध्ये जर्मनीने अलेक्झांड्रा लँडवर गुप्त हवामान केंद्र चालविले. अस्वलाचे कच्चे मांस खाल्ल्याने निरीक्षकांना कृमिरोग झाला आणि १९४४ मध्ये त्यांना विमानाने हलवावे लागले. शीतयुद्धात बेटांवर हवाई तळ झाले आणि सुमारे १९९० पर्यंत परदेशीयांना हा प्रदेश बंद राहिला. मागे राहिलेल्या गंजलेल्या इंधनपिंपांची सफाई २०१० च्या दशकात हाती घ्यावी लागली. २०१६ मध्ये हा द्वीपसमूह ‘रशियन आर्क्टिक’ राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला, तर त्याच दशकात अलेक्झांड्रा लँडवरील लष्करी तळाचे मोठे नूतनीकरणही झाले. संरक्षित निसर्ग आणि संरक्षित सीमा हे दोन्ही दावे आज एकाच बर्फावर उभे आहेत.

भारताने ध्रुवप्रदेशात प्रवेश केला तो शेजारच्या स्वालबार्डमधून. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारताची स्वाक्षरी झाली होती. जुलै २००८ मध्ये, चौथ्या आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षातच, न्यू-ओलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले. त्याचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. आर्क्टिकमधील बर्फ आणि भारतीय मोसमी पाऊस यांतील संबंधाचा शोध हा भारतीय संशोधनाचा एक मुख्य विषय आहे. हा संबंध कोणत्याही एका देशाच्या नोंदींवरून उलगडणार नाही. म्हणूनच २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशिया व पाश्चात्त्य देश यांच्यातील आर्क्टिक सहकार्य खंडित झाले, ही केवळ राजनैतिक घटना नव्हे. आर्क्टिक किनाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग रशियाकडे आहे. तेथील नोंदी उर्वरित जगाच्या नोंदींपासून तुटल्या, तर वायप्रेख्त यांच्या पूर्वीची स्थिती पुन्हा येईल.

समारोप

निर्जन भूमीला इतिहास असतो काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. फ्रान्झ जोसेफ लँडला स्वतःचा समाज नाही. पण तेथे जाणाऱ्यांनी काय महत्त्वाचे मानले, याचा तो भूभाग साक्षीदार आहे. ज्या सम्राटाचे नाव त्याला मिळाले त्याचे साम्राज्य १९१८ मध्ये लयास गेले. विक्रम मोडले गेले, काल्पनिक भूमी नकाशावरून पुसल्या गेल्या. एकसमान पद्धतीने घेतलेल्या आणि खंड न पडू दिलेल्या नोंदी मात्र घेणाऱ्यांच्या पश्चातही उपयोगी पडत राहिल्या.

हा निष्कर्ष अध्यापक म्हणून आपल्या दारापर्यंत येतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर गेल्या अर्धशतकात शेतशिवारातून कारखान्यांच्या पट्ट्यात बदलला. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठी महाविद्यालये आहेत, भूगोल, रसायन आणि पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत, विद्यार्थी आहेत. प्रकल्पापुरते नमुने दरवर्षी घेतले जातात. परंतु या वर्षीचा नमुना गेल्या वर्षीच्याच ठिकाणी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने घेतला जाईल याची व्यवस्था क्वचितच होते. शेजारच्या महाविद्यालयाच्या नोंदीशी तो ताडून पाहिला जाणे तर त्याहून दुर्मीळ. अशी सामाईक नोंदवही ठेवण्यास ध्रुवावर जावे लागत नाही. तिचा अर्थ आपल्या हयातीत पूर्ण कळेलच असे नाही. कुलाब्याच्या निरीक्षकांनाही तो कळला नव्हता. त्यांनी वाचने मात्र वेळेवर घेतली होती.